रोटाचा हात

आमच्या अप्पाकाकांना साखरेतलं सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात. आणि आमच्या गावात, कळसाडीत, ते जे काही म्हणतात ते दोनदा म्हणतात, म्हणजे ज्याला ऐकू आलं नाही त्याचीही सुटका होत नाही. नाव हेमकांत. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून भाऊबंदकीत थोरला पुरुष हाच, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी त्यांनी फार मन लावून घेतली आहे.

नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. प्रयोगशाळा म्हटल्यावर कुणाचा गैरसमज नको. गाळपातला उसाचा रस नळीत भरून आणायचा, त्यात काचेची कांडी सोडायची, ती कुठवर बुडाली ते बघायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, एवढंच काम. लिहून घेणारा वेगळा होता आणि त्याचा अर्थ लावणारा तर तिसराच. पण निवृत्तीनंतर अप्पाकाकांना बढती मिळाली, त्यांनी स्वतःच दिली. मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाखाली 'माजी केमिस्ट' असं छापून आलं. कारखान्यातले जुने सोबती ती पत्रिका एकमेकांना दाखवून पोट धरून हसले, पण जेवायला सगळे आले.

गावात कुणाला मधुमेह निघाला की बोलावण्याआधी हे हजर. रक्ताचा कागद हातात घ्यायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचं, "उतारा कितला शे?" कारखान्यात शंभर किलो उसातून किती साखर निघाली त्याला उतारा म्हणतात. माणसाच्या रक्तालाही यांनी तोच शब्द लावला. त्यांचं म्हणणं असं, की शरीर म्हणजे एक छोटा कारखाना. साखर कारखान्यातून निघते म्हणून वाईट, गूळ गुऱ्हाळातून निघतो म्हणून चांगला. गुळानं रक्तातली साखर वाढतच नाही. म्हातारी माणसं हे ऐकून सुखावायची आणि चहात गुळाचा खडा टाकायची. स्वतःचं रक्त काकांनी कधी तपासलं नाही. साखरेतल्या माणसाला साखर होत नाही, असा त्यांचा आणखी एक शोध आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. गावोगावी असा एखादा असतोच. पण हा माणूस माझ्या आईच्या उशाशी जाऊन बसला, आणि तिथून पुढे मला त्याचं हसू येईनासं झालं.

माझी आई धनुबाई. तिच्यासारखी कानबाईची गाणी आमच्या पट्ट्यात कुणी म्हणत नव्हतं. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. रविवारी घरात बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. आमच्या भाऊबंदकीची कानबाई अप्पाकाकांच्या घरी बसते. देवीचा चौरंग उचलायची वेळ झाली की बायका आईच्या तोंडाकडे बघायच्या. आईनं पहिला सूर लावल्याशिवाय चौरंग हलत नसे. ती गाणी कुठं लिहिलेली नाहीत. आईला तिच्या सासूनं दिली, सासूला तिच्या सासूनं. आई बाकी भित्री बाई, दिराच्या समोर पदर सावरून बसणारी. पण त्या दिवशी ती पुढं आणि अख्खी भाऊबंदकी मागं, काकांसकट. हे काकांना खुपायचं, असं माझं मत आहे.

कानबाईचे रोट असतात. आमच्याकडे ते गव्हाच्या पिठात गूळ आणि तूप मळून करतात. माणसागणिक मूठ मोजून गहू घेतात आणि ज्याचा त्याचा हिस्सा ज्यानं त्यानं खायचा. रोट कुळाबाहेरच्यानं खायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा कुळाबाहेरची, म्हणजे मीही. आणि आमच्या घराण्यात आणखी एक कडक नेम आहे : रोटाचा हात धुतलेलं पाणी उंबऱ्याबाहेर सांडायचं नाही. चुलीमागे एक खड्डा करतात, त्यातच हात धुवायचे.

त्या वर्षी कानबाईच्या आधी आईला ताप आला. काकांनी गुळाचा काढा सुरू केला. ताप वाढला तसा काकांनी गूळ वाढवला. मी नंदुरबारला, सासरी. फोनवर आईचा श्वास ऐकला आणि तशीच गाडी करून निघाले. आई खाटेवर बसून धापा टाकत होती, ओठ काळेनिळे पडलेले, आणि काका मला सांगत होते की काढा लागू पडतोय. मी त्यांच्याशी वाद न घालता आईला उचलून शहाद्याला नेलं. न्यूमोनिया. जंतू रक्तात पसरलेले. आईला सरळ आयसीयूत घेतलं.

तिथल्या डॉक्टर चांदनी मॅडम. मारवाडी घरातल्या, वडिलांचं शहाद्यातच कापडाचं दुकान. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जंतूंवरची औषधं चालू आहेत, पण रक्तातली साखरही फार चढली आहे.

"पण आईला कधीच साखर नव्हती," मी म्हणाले.

"नसेल. शरीरावर एवढं मोठं संकट आलं की साखर चढते, त्याला आधीपासून मधुमेह असावा लागत नाही. ती तशीच राहिली तर जंतूंचं फावतं. म्हणून पंपातून थेंब थेंब इन्सुलिन देतोय आणि तासातासाला बोट टोचून बघतोय."

हे अप्पाकाकांच्या कानावर गेलं आणि त्यांना झोंबलं. आमच्या घराण्यात साखर, हा त्यांना डागच वाटला. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना भेटायच्या वेळी ते पांढरी टोपी घालून मॅडमसमोर उभे राहिले.

"आज कितला शे?"

"एकशे पासष्ट. छान आहे."

"एकशे पासष्ट आनि छान? मॅडम, मन्ही जिंदगी साखरमा गयी. शंभरवर लया तिले, शंभरवर. कारखानामा असं काम करतू ते माले घर बसाडी देतात."

मॅडमनी राग आवरला. त्यांच्या जागी मी असते तर आवरला नसता. त्या म्हणाल्या, "काका, इतक्या आजारी माणसाची साखर आम्ही मुद्दाम एकशे चाळीस ते एकशे ऐंशीच्या मध्ये ठेवतो. निरोगी माणसाइतकी खाली ओढायला गेलं तर ती घसरते. चढलेली साखर हळूहळू त्रास देते, पण पडलेली साखर बघता बघता माणूस नेते. मेंदूला तिच्याशिवाय दुसरं खाणंच नाही."

काकांनी मान हलवली. ऐकल्याची नव्हे, कीव आल्याची. मग बाहेरच्या बाकड्यांवर त्यांनी दरबार भरवला. कुणाचा बाप आत, कुणाची बायको आत, सगळे बिचारे काळजीनं अर्धे झालेले, आणि हे त्यांना उसाचं गाळप समजावून सांगतायत. डॉक्टर लोक साखर मुद्दाम चढती ठेवतात, म्हणजे मुक्काम वाढतो, हेही सांगून झालं. दोन माणसं घाबरून आपल्या पेशंटला घरी न्यायला निघाली होती. मला त्यांच्या पाया पडून थांबवावं लागलं.

आई मात्र हळूहळू सुधारत होती. डोळे उघडून माझ्याकडे बघायची. मी हात धरला की बोटं दाबायची. नाकातल्या नळीतून पातळ अन्न जात होतं. मॅडम म्हणाल्या, "असंच चाललं तर दोन-चार दिवसांत वॉर्डात घेऊ." मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आणि मग कानबाई आली.

सोमवारी देवी नदीवर पोचवून अप्पाकाका शहाद्याला आले. हातात पितळी डबा, त्यावर कोरं फडकं. आईचा हिस्सा! रोट घराबाहेर जात नाही, हा नेम आम्हाला लहानपणापासून यांनीच डोळे वटारून शिकवलेला. पण त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की जिथं कुळातलं माणूस तिथं घर. नेम मोडायचा असला की नवा नेम करायची सोय थोरल्या पुरुषाला असते. मी हात पुढे केला, तर डबा मागे.

"तू परक्या कुळनी शे आते. रोटवर तुन्ही नजर नको पडाले. बाहेर थांब."

आत एका वेळी एकालाच सोडायचे. मी बाहेर राहिले. वाटलं, डबा आईच्या कपाळाला लावतील, अंगारा लावतील आणि येतील. थोड्या वेळानं ते बाहेर आले. "हिस्सा पोचना," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

आत त्यांनी काय केलं ते नंतर कळलं, कारण त्यांनीच ते कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. आईच्या तोंडात घास घालायला गेले तेव्हा सिस्टर ओरडल्या. म्हणून सिस्टरांची पाठ वळल्यावर त्यांनी रोट कुस्करला, आईच्या उजव्या तळहातावर ठेवला, तिची बोटं त्यावर मिटली आणि वरून आपल्या मुठीत दाबून धरली. हिस्सा हाताला लागला म्हणजे खाल्ल्यासारखाच. मग तो परत घेऊन स्वतः खाल्ला, कारण कानबाईचा घास वाया घालवायचा नसतो. आणि सफाईच्या मावशीला बजावून आले, की या बाईचा हात आज पुसायचा नाही, धुवायचा नाही. त्याचं पाणी इथल्या मोरीत गेलं तर कानबाई कोपेल. मावशी आमच्याच भागातली. देवीचं नाव निघाल्यावर तिनं त्या हाताला पाणी लावलं नाही. सिस्टरांना यातलं काही माहीत नव्हतं.

डावा हात सलाईननं सुजलेला होता, म्हणून टोचायला उजव्याच हाताची बोटं घेत. सिस्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, बोट टोचलं. मशीनवर तीनशे ऐंशी. मघापर्यंत एकशे साठच्या आसपास असलेली साखर तीनशे ऐंशी! सिस्टरांनी मॅडमना फोन केला आणि ठरल्याप्रमाणे पंपाचा वेग वाढवला. पुढच्या वेळी दुसरं बोट टोचलं, तर चारशेच्या वर. पुन्हा वेग वाढवला. मॅडम खाली दुसऱ्या पेशंटमध्ये अडकल्या होत्या. त्यांना शंका आली, शिरेतलं रक्त काढून लॅबला पाठवा म्हणाल्या.

बाहेर अप्पाकाकांना आकडा कळला. त्यांचा चेहरा खुलला. हो, खुलला. मी बघितलंय.

"माले माहीत व्हतं! त्यासना विंजेक्शनमा दम नई. वाढी ऱ्हायनी साखर!"

मी काचेतून आत बघत होते. आईचं कपाळ घामानं थबथबलेलं दिसलं. केस चिकटलेले. मी सिस्टरना हाक मारतेय तोवर आईचे हातपाय झटकायला लागले, डोळे वर गेले, पलंग वाजायला लागला. माझ्या आयुष्यात मी इतकी भ्याले नव्हते आणि पुन्हा भिण्याची इच्छा नाही. मॅडम जिना चढून धावत आल्या. शिरेतल्या रक्ताचा आकडा निघाला अठ्ठावीस. पंप बंद केला आणि आईच्या शिरेत साखरेचं पाणी भरलं. झटके थांबले. आई निपचित पडली.

मला आत जाऊ दिलं. मी तिचा हात हातात घेतला आणि मला काहीतरी चावलं. लाल मुंग्या. पलंगाच्या पायावरून, चादरीवरून त्यांची रांग सरळ आईच्या तळहातापर्यंत आलेली. बोटांच्या बेचक्यांत पिठाचे कण, हाताला गुळाचा नि तुपाचा वास. मी तो हात मॅडमपुढे धरला. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटून घेतले.

"रक्ताचा थेंब या गुळात मिसळत होता," त्या म्हणाल्या. "मशीन गूळ मोजत होतं आणि आम्ही इन्सुलिन वाढवत होतो. खरी साखर तेव्हा पडत होती. स्पिरिटनं गूळ निघत नाही, साबण-पाण्यानं हात धुवायला हवा होता. आकडा एवढा उडाला तेव्हाच पंप वाढवायच्या आधी शिरेतलं रक्त बघायला हवं होतं. ही चूक आमची आहे."

अप्पाकाका दारात उभे होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल, कपाळ बडवेल, निदान गप्प राहील. ते वळले आणि बाकड्यावरच्या लोकांना म्हणाले, "दखा, कबूल करी ऱ्हायनी! चूक त्यासनी शे!"

आणि संध्याकाळपर्यंत त्यांची गोष्ट तयार झाली. चारशेची साखर अठ्ठावीसवर आली, ती कशानं? रोटानं! "डॉक्टरसले जमनं नई ते कानबाईनी एक घासमा करी दाखाडं," असं ते फोनवर फोन करून सांगत होते. पंप, झटके, घामानं थबथबलेलं कपाळ, यातलं काहीच त्या गोष्टीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला म्हणणं कमी पडेल. मला त्यांची शिसारी आली.

आई वाचली. उशिरा शुद्धीवर आली, मला ओळखलं, पाणी मागितलं. पुढे चालायला लागली, भाकरी थापायला लागली. पण गाणी गेली. मला कळलं ते असं, की एकदा भांडी घासताना ती गुणगुणत होती. चाल तीच, पण शब्द नाहीत. शब्दाच्या जागी नुसता हुंकार. मग ती थांबली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं व माले? तोंडमा येस आनि निंघी जास." मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, साखर पडली तेव्हा मेंदूला फटका बसलेला दिसतो. परत येईल, न येईल, सांगता येत नाही.

मी आईला वर्षभर नंदुरबारला ठेवलं. त्या दिवसाचं तिला काही सांगितलं नाही, मोठा ताप होता एवढंच सांगितलं. तिला पुढे त्याच माणसांत राहायचं होतं. इकडे अप्पाकाकांचं नाव फार झालं. म्हसावदहून एक जण आपल्या आजारी सासऱ्याला दाखवायला यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला म्हणे. हेही गेले, टोपी घालून.

पुढच्या श्रावणात आई म्हणाली, कानबाईला कळसाडीला जायचंच. घेऊन गेले.

सोमवारी सकाळी चौरंग उचलायची वेळ झाली. बायका नेहमीसारख्या आईच्या तोंडाकडे बघू लागल्या. आईनं सूर लावला. पहिली ओळ आली, अर्धी. मग ओठ हलले नि आवाज आला नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच अडकलं. शेवटी कुणीतरी ढोलवाल्याला खूण केली आणि चौरंग गाण्याशिवाय उठला. आई मागून चालत गेली, पदर तोंडाला लावून.

नदीवरून परत आल्यावर रोट वाटायला बसले. मी परकी, म्हणून ओट्यावर. पण दार उघडं होतं. अप्पाकाका मधोमध बसून रोट कुस्करून देत होते, कोपरापर्यंत गूळतूप. आईची पाळी आली तसे ते सगळ्यांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "ले वहिनी! ध्यानमा शे ना? गयसाल दवाखानामा याच घासनी तुले वाचाडं. तुन्हा हातमा रोट दाबी धरा मी, मावशीले सांगं हात धोवू नको. चारशेनी साखर अठ्ठावीसवर! झटका वनात तुले, इतली ताकद शे रोटमा!"

आईनं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. आपल्याला झटके आले होते, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मन्हा हातले लावा तू?" तिनं विचारलं.

"मीच ते!"

"आनि मंग माले झटका वनात?"

"मंग ते! साखर उतरनी ना!"

आईनं दारातून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तिला काय विचारायचं होतं त्याचं उत्तर तिला मिळालं.

ती उठली. पाण्याचा तांब्या घेतला. आजवर दिराच्या डोळ्याला डोळा न भिडवलेली माझी आई काकांसमोर जाऊन उभी राहिली, त्यांचं गुळानं माखलेलं मनगट धरलं आणि म्हणाली, "हेमकांत, ऊठ." अप्पा नाही, भाऊ नाही. नुसतं नाव, सगळ्या भाऊबंदकीसमोर. काका उठले. का उठले ते त्यांनाही सांगता येणार नाही. आईनं त्यांना ओढत उंबऱ्याबाहेर आणलं, माझ्यासमोर, अंगणात.

"वहिनी, आठे नई! रोटना हात शे! पानी बाहेर सांडी जाई!"

"सांडू दे. हात धोई ले."

"वहिनी..."

"मन्हा गाना गया, हेमकांत. माले वाटे तापमा गया. हात धोई ले."

तिनं तांब्या कलता केला. आतून एकही माणूस बाहेर आला नाही. अप्पाकाकांनी हात धुतले, लहान पोरासारखे, एकेक बोट चोळून. पिठाचे कण आणि तूप अंगणाच्या मातीत वाहत गेलं.

पाणी संपलं तेव्हा आईनं तांब्या माझ्या हातात दिला. तिचा हिस्सा आत ताटात तसाच पडला होता.

"चाल व," ती म्हणाली, "नंदुरबारले जाऊत."